बुशावरची लाल खूण

देवबागची यशोदाकाकी मासळीची पेटी घेताना आधी ती उपडी करते. वरच्या थरातले बांगडे कितीही चकचकीत असोत, त्यांचे डोळे कितीही टवटवीत असोत, तिचं समाधान होत नाही. पेटी पालथी, माल ताडपत्रीवर, आणि मग कल्ले उघडून, बोटाने दाबून, नाकाजवळ नेऊन तळापासून वरपर्यंत तपासणी. मालवणच्या जेटीवर आता याला कोणी हरकत घेत नाही. हरकत घेतली की काकी दुसरीही पेटी उपडी करते, हे सगळ्यांना कळून चुकलंय.

ही खोड काही तिला उपजत नव्हती. नवरा गेला तेव्हा मुलगी सलोनी अजून रांगतही नव्हती. पोटासाठी यशोदा पहिल्यांदा जेटीवर उभी राहिली आणि एका गोडबोल्याने तिला पेटी दिली. वर दोन थर ताजे फडफडीत, खाली सगळे आदल्या दिवसाचे. गिऱ्हाइकं घरून परत आली आणि भर बाजारात एकेक मासा तिच्या टोपलीत फेकून गेली. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. चांगलं केलं. पण तो खडा पुढे कधी काढलाच नाही, हे काही चांगलं केलं नाही.

मासळीपुरता संशय असता तर धंद्यातली हुशारी म्हणून खपून गेला असता. पण तो घरभर पसरला. वायरमनने मीटर वाचला की काकी त्याच्या पाठीमागे उभी राहून पुन्हा वाचायची. डॉक्टरने दिलेली गोळी औषधाच्या दुकानात दाखवून "हीच काय ती?" असं विचारायची, आणि दुकानदार हो म्हणाला की दुसऱ्या दुकानात जायची. सलोनी घरच्या दोन खोल्यांत होमस्टे चालवते. तिथे पुण्या-कोल्हापूरहून येणारे पाहुणे निघाले की काकी उशा मोजते. आजवर एकही उशी गेलेली नाही. तरी मोजते.

उभ्या आयुष्यात तिने डोळे मिटून विश्वास ठेवला तो एकाच माणसावर, तिच्या बापावर. धोंडू त्याचं नाव. त्याची लहानशी होडी होती. पावसाळा सरून होडी पाण्यात लोटायच्या आधी तो तिला माशाचं तेल पाजायचा. तारल्या उकडून काढलेलं काळपट तेल, त्याचा वास नाकात शिरला की दोन दिवस जात नसे. धोंडू चिंधीचा बोळा तेलात बुडवून फळीफळीवर अंगठ्याने दाबत जायचा आणि तोंडाने काहीतरी गुणगुणायचा. पोर यशोदा डबा धरून बाजूला बसायची. "होडयेक तेल कमी पडता नये," एवढंच तो सांगायचा. शेजारपाजारच्या होड्या कुजल्या, धोंडूची त्याच्या मागेही कितीतरी वर्षं चालली.

म्हणून यशोदाची पहिली पिकअप जेव्हा पेट्यांतून गळणाऱ्या खारट पाण्याने खालून खाऊन टाकली, चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावला तर पापुद्रे हातात यायला लागले, तेव्हा दुसरी गाडी घेतल्या दिवशीच तिने ठरवलं की ही गाडी होडीसारखी सांभाळायची. गॅरेजवाले खालून काळा रंग मारून देतात, पण त्यात ते काय मिसळतात कोणी बघितलंय? काकी स्वतःच मारणार. सोमवारी आपल्याकडे मासे कोण खात नाही, बाजार थंड असतो, गाडी खाडीकडेला माडाखाली उभी असते. दर सोमवारी काकी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायची, बरोबर तारल्यांच्या तेलाचा डबा आणि चिंधीचा बोळा. तासभर तिचे फक्त पाय दिसायचे. साठीला आलेली बाई, पण खरंच, त्या गाडीला गंजाचा ठिपका नव्हता.

आता शिवाविषयी. शिवा तिचा ड्रायव्हर, सहा वर्षं तिच्याकडे. चाळिशीतला, अंगाने सडसडीत आणि बोलण्यात त्याहून सडसडीत. पहाटे यायचा, जेटीवर पेट्या चढवायचा, काकीला शेजारी बसवून कट्टा गावच्या बाजारात आणून सोडायचा, आणि उरलेला माल घेऊन एकटाच पुढे कसाल-ओरोसच्या हॉटेलांना द्यायला जायचा. दुपारी येऊन काकीला घेऊन घरी. संध्याकाळी गाडी धुऊन चावी काकीच्या दारातल्या खिळ्याला अडकवायची नि जायचं. सहा वर्षांत चावी एक रात्रही त्याच्या घरी गेली नव्हती. काकीने तसं सांगितलं होतं आणि त्याने का म्हणून विचारलं नव्हतं.

काकीचा सगळा जीव त्या दोन तासांत अडकलेला असायचा, शिवा एकटा पुढे जायचा त्या दोन तासांत.

गेल्या गणपतीच्या आधी गाडी मागून कटकट करायला लागली. खड्ड्यात चाक गेलं की कट, वर आलं की कट. काकीने आपल्या परीने उपाय केला. सोमवारी जिथून आवाज येतो असं वाटलं तिथे बोळा पिळून भरपूर तेल सोडलं. कडी कुरकुरली की तेल, बिजागरी कुरकुरली की तेल, मग गाडीला का नको? आवाज चार दिवस कमी झाला आणि पाचव्या दिवशी दुप्पट आला. शेवटी गाडी कट्ट्याच्या तिठ्यावर बाप्तिस्तच्या गॅरेजात नेली.

बाप्तिस्त आणि यशोदा मालवणच्या शाळेत एका वर्गात होती, म्हणून एकमेकांशी एकेरीत बोलतात. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि सांगितलं, "पाट्यांचे बुश गेले." मागच्या चाकांवरचे जे लोखंडी पाटे असतात, त्यांच्या टोकांच्या गोल डोळ्यांत रबराच्या जाड कड्या बसवलेल्या असतात. धक्का त्या खातात, म्हणून लोखंडावर लोखंड आपटत नाही. त्या झिजल्या की गाडी बोंब मारते.

"नवी गाडी, दोन वर्षां झाली नाय, नि बुश गेले?" काकी म्हणाली.

बाप्तिस्त काहीतरी बोलणार होता, पण त्याने शिवाकडे पाहिलं आणि गप्प बसला. ते पाहणं काकीच्या नजरेतून सुटलं नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली. नवे बुश काढून विकायचे, जुने घालायचे, आणि दोन वर्षांत गेले म्हणून पुन्हा नवे मागायचे. एकट्या ड्रायव्हरला हे जमणार नाही. गॅरेजवाला सामील हवा.

नवे बुश बसवून होईपर्यंत काकी थांबली. घरून आणलेली छोटी बाटली कमरेला खोचलेली होती. त्या दिवशी सकाळी तिने ती सलोनीकडून मागून घेतली होती.

"नेलपॉलिश? आये, तू नखांक लावतलंस?" सलोनीने डोळे मोठे केले होते.

"नखांक नाय. बुशाक."

"बुशाक?"

"खूण करूक. बदलले तर कळाक होया."

"शिवादादा तसो नाय, आये."

"तसो कोण आसता गो? कपाळार लिवलेलां नसता."

बाप्तिस्त आणि शिवा चहाला टपरीवर गेले तेवढ्यात काकीने प्रत्येक बुशाच्या बाहेरच्या कडेवर लालभडक ठिपका लावला. तेवढ्यानेही समाधान होईना, म्हणून एका बुशाला हात घालून चासीच्या आतल्या बाजूने, जिथे कोणाचा हातही जाणार नाही आणि नजरही, तिथे एक लावून ठेवला. मग निर्धास्त चेहऱ्याने जाऊन चहा प्याली.

त्यानंतरचे महिने काकीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दर सोमवारी तेल लावताना ती आधी ठिपके बघायची. सुरुवातीला सगळे जागच्या जागी. दिवाळीच्या सुमाराला एक नाहीसा झाला. तिने बोटाने चाचपून पाहिलं, तेल पुसून पाहिलं. नाही म्हणजे नाही. पुढे दुसरा गेला. मग तिसरा. एकदम बदलले तर कळेल, म्हणून लबाड एकेक करून बदलतोय, असं तिने ताडलं. एवढ्या सावधगिरीने चोरी करणाऱ्या माणसाबद्दल तिला क्षणभर कौतुकही वाटलं. आणि मग राग आला, कारण याच माणसाच्या शेजारी ती रोज पहाटे डोळा लागला तर डोकं काचेला टेकून झोपत होती.

ती आणखी बघू लागली. बघायला लागलं की दिसायला काय कमी असतं! कट्ट्याहून पुढची खेप पूर्वीपेक्षा जास्त किलोमीटरची व्हायला लागली होती. शिवा दुपारी परत यायलाही थोडा उशीर करायचा. आणि मंगळवारची गोष्ट तर फारच चमत्कारिक. एका मंगळवारी काकी नेहमीच्या आधी उठून मागच्या पडवीत आली, तर अंधुक उजेडात शिवाचे पाय गाडीखालून बाहेर आलेले. ती जवळ गेल्यावर तो घाईने बाहेर सरपटला आणि हातातलं काहीतरी सदऱ्याखाली लपवलं.

"काय करी होतंस रे?"

"काय नाय काकी. बघी होतंय."

"काय बघी होतंस?"

"असांच."

गाडीत त्याच्या शेजारी बसल्यावर काकीच्या नाकाला वास आला. साबणाचा. मासळी चढवायला निघालेला माणूस पहाटे साबणाने हात कशाला धुवेल? हाताला ग्रीस लागलं असेल तरच. आणि ग्रीस नटबोल्ट खोलल्याशिवाय लागत नाही. काकीच्या डोक्यात दोन नि दोन चार झाले, आणि तिचं गणित आजवर चुकलेलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी तिने खिडकीच्या फटीतून पाहिलं. त्याच्याही पुढच्या. शिवा दर मंगळवारी गाडीखाली.

मध्येच तिला स्वतःचा राग यायचा. सलोनीला डेंगी झाला तेव्हा ओरोसच्या इस्पितळात तीन दिवस बाकावर बसून राहिलेला हाच शिवा. पण त्या गोडबोल्यानेही पेटी देताना रडणाऱ्या सलोनीला बिस्कीट दिलं होतं. काकीला ते बिस्कीट आठवायचं आणि मन पुन्हा घट्ट व्हायचं.

शिमगा जवळ आला आणि गाडी पुन्हा कटकट करायला लागली. गणपतीआधी घातलेले बुश शिमग्याच्या आत संपले! आता पुरावा पुरेसा झाला. काकीने ठरवलं, भर गॅरेजात, चारचौघांत दोघांनाही एकदम धरायचं. शिवाला सोडावं लागलं तर दुसरा ड्रायव्हर मिळणं कठीण, आणि ड्रायव्हर नसेल तर धंदा बसलाच, हे तिला कळत होतं. त्याहून कठीण काय आहे ते तिने मनाशी उच्चारलं नाही. शिवा गेला तर पहाटे उठून बोलायला, म्हणजे न बोलता शेजारी बसायला, तिला कोणी नव्हतं.

त्या दिवशी बाजार लवकर आटोपून ती शिवाबरोबर गॅरेजात आली. चार पेट्या अजून गाडीत होत्या, ओरोसला जायच्या. बाप्तिस्तने फणसाखाली गाडी घेतली, मागून जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या. काकी प्लास्टिकची खुर्ची ओढून इतकी जवळ बसली की पाना फिरवताना बाप्तिस्तचं कोपर तिच्या गुडघ्याला लागत होतं.

"यशोदाबाय, जरा मागे सर गो."

"नाय सरणंय. तू काड. काडलेलो परतेक बुश माझ्या हातात दी."

बुशांतून जाणाऱ्या पिना गंजलेल्या नव्हत्या, तेलाने गुळगुळीत होत्या, सहज निघाल्या. पहिला बुश बाहेर आला. वेडावाकडा, फुगलेला, कडेला फाटलेला. काकीने तो सगळीकडून फिरवून पाहिला. लाल ठिपका नाही. दुसरा. नाही. तिसरा. नाही. तिने ते तिन्ही मांडीवर ठेवले आणि उभी राहिली, ते मातीत पडले.

"शिवा! नवे बुश खंय विकलंस?"

शिवा गाडीच्या फाळक्याला टेकून उभा होता. त्याला आधी कळलंच नाही. "खंयचे नवे?"

"गणपतीआधी घातले ते. मी एकेकाक लाल खूण केल्लंय. खंय आसा ती? ह्ये कुजके बुश माझ्या गाडयेक कोणी घातले? दर मंगळवारी गाडयेखाली जावन काय करतंस तां माका दिसणा नाय असां वाटलां तुका?"

टपरीवरची माणसं चहाचे पेले हातात घेऊन पुढे आली. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की काकीला आवरणं कठीण. किलोमीटर निघाले, उशीर निघाला, साबण निघाला. "सहा वर्षां माझां मीठ खावन माझ्याच गाडयेचे बुश चोरतंस!" हे तिने अशा आवाजात म्हटलं की तिठ्यावरच्या रिक्षावाल्यांनीही माना वळवल्या.

बाप्तिस्त खालून बाहेर आला. "यशोदाबाय, आयक..." त्याने सुरुवात केली. शिवाने त्याच्याकडे पाहून फक्त नकाराची मान हलवली. मग काकीकडे पाहिलं. तो चिडला असता, ओरडला असता तर काकीला बरं वाटलं असतं. त्याने खिशातून चावी काढली, खुर्चीवर ठेवली, "काकी, चावी," म्हणाला, आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला.

टपरीवरची माणसं हळूहळू परत गेली. बाप्तिस्त पुन्हा गाडीखाली शिरला. हातोड्याचे चार-पाच घाव ऐकू आले. मग त्याने हात बाहेर काढून शेवटचा बुश काकीपुढे धरला.

"हो बघ. आतली बाजू बघ."

काळ्या चिकट थराखाली, रबराच्या मागच्या अंगाला, लाल ठिपका होता. सलोनीच्या बाटलीतला. काकीने पदराने पुसलं, तो आणखी लाल झाला.

म्हणजे बुश तेच होते. मग बाकीच्यांच्या खुणा? काकीने सवयीने बुश नाकाशी नेला. मासळी चांगली की वाईट हे ज्या नाकाने आजवर कधी चुकीचं सांगितलं नाही, त्या नाकाने लगेच सांगितलं. तारल्यांचं तेल. तिचंच. रबर आतपर्यंत तेल पिऊन फुगलं होतं, नखाने दाबलं तर त्याचा लगदा निघत होता.

"रबराक तेल चालणा नाय गो," बाप्तिस्त म्हणाला. "डिझेल नाय, ग्रीस नाय, तुझां माशाचां तेल तर नायच. लाकूड तेल पिवन जगता. रबर तेल पिवन मरता. जितको आवाज येता तितकां तू तेल ओततंस, नि जितकां ओततंस तितको आवाज वाडता."

"माका सांगूक काय झाल्लां तुका?"

"गणपतीआधीच सांगी होतंय. शिवानच थांबवल्यान माका. म्हणालो, काकी सगळो आठवडो कपाळाक आठी घालून आसता. सलोनी सांगता, सोमवारी तेवडी गाडयेखाली जावन बापाशीसारखी गुणगुणता. तां बंद करू नको. मंगळवारी सकाळी मी साबणाच्या पाण्यान रबर पुसून काडतंय, तिका कळाक नको." बाप्तिस्तने हात चिंधीला पुसले. "बाहेरचां पुसलेलां. आत मुरलेलां कसां पुसतलो? तुझी लाल खूणय गेली ती तेच्या घासण्यान."

आपण गुणगुणतो हे काकीला माहीतच नव्हतं. तिला एवढी लाज वाटली की फणसाखालची जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो बुश मुठीत तसाच धरून ती थांब्याकडे निघाली.

शिवा बाकाच्या एका टोकाला बसला होता. ती दुसऱ्या टोकाला बसली.

"आतल्या बाजूक खूण गावली," ती म्हणाली.

"बरां झालां."

"तू सांगूक होया होतां."

"काय सांगू? मी चोर नाय म्हणान?"

समोरून दोन डंपर गेले, धूळ बसली. शिवा रस्त्याकडे बघतच बोलला, आणि सहा वर्षांत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता.

"किलोमीटर वाडले ते लांबच्या वाटेन जातंय म्हणान. थंय खड्डे कमी. गाडयेक सोसणा नाय होतां. तू माझ्यार लक्ष ठेवतंस तां माका पयल्या दिसापासून म्हायत आसा, काकी."

"मगे रवलंस कित्याक?"

"तू पेटी उपडी करतंस. पण माल बरो आसलो तर कधी परत टाकणंस नाय. म्हणान रवलंय." तो थांबला. "आज टाकलंस."

मालवणची गाडी आली. शिवा चढला. काकी बाकावरच राहिली. कंडक्टरने दार ओढायला हात घातला तशी ती उठली आणि धावत जाऊन पायरीवर पाय ठेवला. शिवाच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

"खंय?" कंडक्टरने विचारलं.

"हो उतरतलो थंय," काकीने शिवाकडे बोट दाखवलं.

चार माणसं हसली. काकीला त्याचं काही वाटलं नाही. गाडीने वेग घेतला, खिडक्यांची तावदानं खडखडायला लागली, तेव्हा त्या खडखडाटाच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "शिवा, माझां चुकलां. तुझी काय चूक नाय. माझी आसा."

हे शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले असावेत, कारण ते तिच्या तोंडून आडवेतिडवे बाहेर पडले. सगळी गाडी ऐकत होती. शिवा खिडकीबाहेर बघत राहिला. एक वळण गेलं, एक पूल गेला. मग त्याने मान न वळवता विचारलं, "पिकअप खंय?"

"बाप्तिस्ताकडे."

"चावी?"

काकीने कमरेला हात लावला. कमरेला चावी नव्हती. तिला खुर्ची आठवली. "खुर्चयेर रवली."

"खुर्चयेर?" शिवा आता पुरता मागे वळला. "तिठ्यार? उघड्यार? नि मागे चार पेटये?"

"माका आठवण नाय रवली रे."

उशा मोजणारी बाई गाडी, माल आणि चावी रस्त्यावर टाकून आली होती, आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. शिवाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती सोंग करत नव्हती. सोंग करणं तिला येतही नाही. तो उठला, हात लांब करून घंटीची दोरी ओढली.

दोघं रस्त्यावर उतरली. ऊन चढलं होतं. शिवा झपाझप पुढे निघाला आणि मागे न बघता म्हणाला, "पेटयांतलो बर्फ वितळतलो म्हणान उतरलंय. तुझ्यासाठी नाय."

"बरां," काकी म्हणाली, आणि त्याच्या मागून चालत राहिली.

बाप्तिस्तने चावी केव्हाच खिशात घातली होती आणि पेट्यांवर ओलं गोणपाट टाकलं होतं. नवे बुश तो साबणाच्या पाण्यात बुडवून बसवत होता. काकीने खुर्ची मागे नेली, पार फणसाच्या बुंध्यापाशी. गाडी निघाली तेव्हा खड्ड्यातून जाताना कुठेच आवाज आला नाही. शिवाही बोलला नाही. ओरोसचा माल उतरवून, घरी गाडी धुऊन त्याने चावी काढली, तेव्हा काकी म्हणाली, "रवांदे तुझ्याकडे." त्याने ऐकलं, चावी खिळ्याला अडकवली आणि गेला.

तो उद्या येईल की नाही, या विचाराने काकीला रात्रभर झोप लागली नाही. तो आला. पण पूर्वी जेटीच्या वाटेवर टपरीपाशी गाडी थांबवून न विचारता तिला चहा आणून द्यायचा, तो आता विचारून आणायला लागला.

सोमवार आला. काकीने डबा बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला. चासी तर गंजू देऊन चालणार नव्हतं. ती गोणपाट अंथरत होती तेवढ्यात शिवा आला. सोमवारी तो कधी येत नसे. हातात जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे आणि सुतळी होती. त्याने गाडीखाली जाऊन एकेका बुशावर तुकडा गुंडाळून बांधला, बाहेर आला, पडवीतलं स्टूल आणून गाडीजवळ ठेवलं आणि बसला.

"लाव आता. लोखंडाक लाव. रबराक नको. मी बघतंय."

काकी खाली शिरली. बोळा बुडवला, चासीवर दाबला. डोक्याजवळ, अगदी हातभर अंतरावर, शिवाचे पाय होते, आणि तो वाकून तिच्या हाताकडे बघत होता. तिचा हात अवघडला. बोळा नेहमीसारखा फिरेना, तेल कोपरावरून ओघळून काखेत गेलं. आपण काही वाईट करत नाही हे ठाऊक असूनही तिला चोरासारखं झालं. गुणगुणावं म्हटलं तर सूर आठवेना. माणूस कायम आपल्या हाताकडे बघत असला की कसं होतं, ते साठाव्या वर्षी, गाडीखाली उताणं पडून, तिला कळलं. शिवाने हे सहा वर्षं काढलं होतं, रोज.

"शिवा," ती खालूनच म्हणाली. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं, आणि हात तेलाचे, म्हणून पुसताही येईना.

मग स्टूल जमिनीवर घासल्याचा आवाज आला. तिने मान वळवून पाहिलं. शिवाने स्टूल फिरवलं होतं आणि तो तिच्याकडे पाठ करून, खाडीकडे बघत बसला होता.

काकीने बोळा पुन्हा डब्यात बुडवला. सुतळीने बांधलेल्या बुशापाशी हात आला तेव्हा तिने तो जपून बाजूने नेला.